अर्ध्या हातानं उणा हौद

चाँदचाचांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. शिरूर कासार तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मशिदीचे ते मौजन, म्हणजे अजान देणारे. इमामाचा पगार त्या गावाला झेपत नाही, म्हणून नमाज पढवणारेही तेच, झाडू मारणारेही तेच. हे लिहायला मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळे. दुसरं नाव आबांचं, त्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनचं. आबांचे उपकार टँकरभर आहेत. चाचांचे कशात मोजू?

मी खाडीकाठचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. धंदा गवंड्याचा, हात जांभ्या चिऱ्यावर बसलेला. शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चूकभूल होईल, ती पोटात घाला. आमच्याकडचं फारसं कुणी बीडकडे जात नाही. मी गेलो आणि परत आलो, म्हणून सांगतो.

फाट्यावर

एका सहकारी साखर कारखान्याच्या गोदामाची भिंत बांधायला ठेकेदारानं आम्हाला नेलं होतं. पोचलो तेव्हाच जीव चरकला. घाट उतरून देशावर आलं की सगळं मोकळं दिसतं हे ठाऊक होतं, पण हे मोकळं नव्हतं, रितं होतं. नदीच्या पात्रात टायरांच्या खुणा. झाडं होती, पण त्यांच्याखाली बसावं असं वाटेना. कारखान्याच्या दारात एकसुद्धा उसाची गाडी नाही. वॉचमन म्हणाला, "औंदा ऊसच न्हाई तर कारखाना काय माती गाळंल?" गोदामात ठेवायला साखर नाही म्हटल्यावर गोदामही नको झालं. ठेकेदारानं काम थांबवलं, बाकीची माणसं आपापल्या वाटेनं गेली. मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा राहिलो. तिथल्या पिंपातलं पाणी प्यायलो आणि तेच बाधलं. उलट्या, जुलाब, डोक्यावर ऊन. मग काय झालं ते मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा मी हलत होतो. दोन्ही बाजूंना निळी पिंपं आणि मध्ये मी, असा हातगाड्यावर. एक म्हातारा गाडा ढकलत होता. पांढरी दाढी, डोक्याला उपरणं. फाट्यावर पाणी आणायला आलेल्या त्या माणसानं दोन पिंपं रिकामीच ठेवली होती, कारण भरली असती तर माझं वजन ओढवलं नसतं. हे मला नंतर कळलं.

"नाव काय रे तुझं?"

"हमीद."

"हमीद? अन् बोलतूस तर मास्तरावानी!"

मी म्हटलं, आमच्या घरात मराठीच बोलतात. म्हातारा थांबला, गाडा टेकवला आणि मला नीट न्याहाळून म्हणाला, "या अल्ला. उर्दू येत न्हाई?"

"कुराण वाचता येतं. उर्दू नाही."

"मंग घरात भांडन झालं तर?"

"तेही मराठीतच."

म्हातारा हसला. तेच चाँदचाचा.

मशीद

तीन दिवस मी मशिदीच्या ओसरीत पडून होतो. चाचा मीठ-गुळाचं पाणी पाजत, चमच्यानं. मग बाजरीची भाकरी पाण्यात कुस्करून. मग एके दिवशी येसर, म्हणजे त्यांच्याकडची भाजल्या मसाल्याची आमटी. ती इतकी तिखट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचा म्हणाले, "जपून रड, बाबा. पान्याचा दुष्काळ हाय." आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि कालवण. आईची आठवण येऊन तो घास मला गिळवेना. पण नको म्हणायचं तोंड नव्हतं. घरातली वाटणी कमी करून ते मला खाऊ घालत होते, हे दिसत होतं.

पडल्या पडल्या मी मशीद बघितली. गवंड्याला दुसरं काय सुचणार?

आमच्या खाडीवरच्या मशिदी लांबून घरासारख्याच दिसतात. उतरतं कौलारू छप्पर, सागाचे खांब, पडवी. पाऊसच तसा, सपाट छप्पर टिकेल कसं? इथं मात्र काळा दगड, चुना, पुढच्या बाजूला तीन कमानी, वर बुटका घुमट आणि दोन टोकांना दोन आखूड मिनार. निजामाच्या काळातल्या कुणा जमादारानं बांधली म्हणतात. कुणी, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. आधी वाटलं, हा घुमट नुसता थाट. मग लक्षात आलं, ज्या मुलखात लांब लाकूडच नाही, तिथं तुळई कुठून आणणार? दगडाला दगडाचा टेकू देत गोल नेत जायचं, दुसरा इलाज नाही. पश्चिमेच्या भिंतीत मेहराब, म्हणजे नमाज पढवणारा उभा राहतो तो कोनाडा. चाचा त्यात तोंड करून हळू बोलले तरी पाठच्या रांगेत ऐकू येई. कोनाड्याची खोल पाठ आवाज मागं फेकते. शेजारी तीन पायऱ्यांचं मिंबर, शुक्रवारच्या प्रवचनापुरतं.

मी चाचांना विचारलं, "मक्का-मदिनेच्या काळापासून असंच आहे का हे सगळं?"

"न्हाई रं. मदिनेतली पैली मशीद खजुराच्या खोडांची. वर फांद्या. ना घुमट, ना मिनार, ना ही मेहराब. ते समदं मागून, पिढ्या गेल्यावर. अजान शेजारच्या उंच घराच्या छपरावरून देयाचे. पाऊस आला की गळायची. हुजूर पैगंबर चिखलात सजदा करायचे, कपाळाला चिखल लागायचा." जरा थांबून म्हणाले, "चिखल! ऐक बाबा, चिखल म्हन्तो मी."

मग त्यांनी सांगितलं की त्या पहिल्या मशिदीला एक सावलीचा ओटा होता. ज्यांना घर नाही ते तिथं राहायचे, तिथंच शिकायचे. तंटे मशिदीतच मिटायचे, बाहेरगावचे पाहुणे तिथंच उतरायचे. "भिंत मागून आली. आधी सावली अन् पानी. तू पडलायस न्हवं ओसरीत, ती मशीदच काम करतीया."

बरा झाल्यावर मी पहिल्यांदा रांगेत उभा राहिलो आणि फजिती झाली. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजात चाचांनी फातिहा, कुराणाचा पहिला अध्याय, संपवली, आणि मी घरच्या सवयीनं मोठ्यानं "आमीन" म्हटलं. एकटाच. बाकीची सगळी रांग मनात म्हणाली होती. कोनाड्यानं माझा आवाज झेलला आणि सगळ्या मशिदीत फिरवला. मी घामानं भिजलो. बाहेर आल्यावर सदरसाब म्हणाले, "काय हो कोकणी, अल्लामियाँला कमी ऐकू येतं काय तुमच्याकडं?" सदरसाब म्हणजे मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे.

चाचांनी मला समजावलं. आम्ही कोकणी शाफई, हे हनफी. दीन एक, किताब एक, पण बारीकसारीक रीती दोन जुन्या इमामांच्या. दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजाचंही तसंच. मी आपला आमच्या वेळेला उठायचो, आणि चाचा आवाज द्यायचे, "बस रे, सावली अजून दुप्पट व्हायची हाय." मला या गोष्टींची लाजच फार वाटे. वाटे, आता आणखी काय चुकेल.

हौद

अंगणाच्या मधोमध हौद होता. चौकोनी, काळ्या दगडाचा, कोरडा. तळाला नुसता पाला. हौदाच्या काठावर बसून वजू करायचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायचं. हौद भरून वाहिला की जादा पाणी दगडी पन्हळीतून भिंतीबाहेरच्या डोणीत पडे. डोण वाटेवरच्या जनावरांसाठी आणि माणसांसाठी. ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्या जाताना तिथं पाणी प्यायच्या, येताना तोंड धुवायच्या. त्या काय मुसलमान नव्हेत, सगळ्या गावच्या.

पूर्वेकडच्या कडुलिंबाच्या मुळीनं हौदाची एक बाजू फुटली होती. त्यात दोन वर्षं पाऊस नाही. लोक घरूनच वजू करून येत, तेही तांब्याभर पाण्यात. काहीजण कोरड्या मातीवर हात मारून तयम्मुम करत. पाणी नसेल तर तशी सवलत आहे. सदरसाबांचं म्हणणं होतं, हौद बुजवावा आणि वर खोली बांधावी, पोरांना शिकायला.

"चाचा, पाणी कधी येनार ते अल्लालाच ठावं. खोलीला पाणी लागत न्हाई."

चाचा म्हणाले, "अन् टोळ्या परत येतील तवा? डोणीपाशी खोली दावू का त्यांना?"

ठरलं असं की रमजान लागायच्या आत हौद पाणी धरू लागला तर राहील, नाहीतर ईदनंतर भराव. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. मी बघत होतो. मी म्हटलं, "चाचा, मी गवंडी आहे." दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काय होतं?

पाण्याची सोय आबांनी केली. चारा संपला, जनावरं छावणीत गेली, तशी दूध संस्था बंद पडली होती. पण तिचा दुधाचा टँकर दारात उभा होता. आबा त्यातून लांबून पाणी आणत. एक खेप त्यांनी मारुतीच्या देवळाच्या टाकीला दिली, एक मशिदीला कबूल केली. "तुमच्यातले बी सभासद हाईत, त्यांच्या म्हशी काय निराळं दूध देत होत्या व्हय? पर एकच खेप. पुढची पाऊस पडल्यावर, म्हंजी कवा ते इचारू नका." मग माझ्याकडे वळून, "काय बे कोकण्या, तुमच्याकडं लई पाऊस पडतो म्हणं. येताना एखादं डबकं तरी आणायचं की!"

फुटलेली सगळी बाजू नव्यानं करायला चुना-सिमेंट चालेल, पण ते मुरवायला पाणी मारत राहावं लागतं. पाणी कुठून आणणार? म्हणून मी ठरवलं, फुटकी बाजू सोडून द्यायची आणि अलीकडे हौदातच एक आडवी भिंत घालायची. भेग कुठवर आत आली असेल याची मला धास्ती होती. म्हणून भिंत जरा आणखी आत घेतली. दगडही रुंद लावले. मी भित्रा माणूस, काम पक्कं करतो.

तरी त्या भिंतीला तरी पाणी हवंच होतं. मग मला एक युक्ती सुचली. मी चाचांना म्हटलं, लोक घरी तांब्याभर पाण्यात वजू करतात, ते इथं येऊन या भिंतीवर बसून करू दे. वापरलेलं पाणी भिंतीत मुरेल. चाचांनी अजाननंतर ते सांगितलं. आणि लोक आले. हातात तांबे, पितळेचे, जर्मनचे, कुणी प्लास्टिकची बाटली घेऊन. ओळीनं भिंतीवर बसून हात-पाय धुतले. ओल टिकावी म्हणून मी मागून भिंतीवर पोतं दाबत फिरायचो. सदरसाबही आले. बारीक धारेनं पाय धुताना म्हणाले, "नेकी भिंतीला, पानी भिंतीला, अन् आमाला काय?" पण रोज आले. अशी मुरवलेली भिंत मी जन्मात दुसरी बांधली नाही.

टँकर आला तो दिवस

टँकर आला, हॉर्न वाजला, आबा पुढच्या सीटवरून उतरले. पाइप अंगणाच्या भिंतीवरून आत टाकला. तेवढ्यात सदरसाब हौदाकडे बघत म्हणाले, "चाचा, ह्यो धाकटा दिसतोय. मापला काय?"

चाचा हौदाकडे वळले. मग काठावर बसले, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात ठेवत ठेवत एका काठानं गेले. दहा हात आणि थोडं जास्त. मग दुसऱ्या काठानं, माझ्या भिंतीपर्यंत. भिंतीला त्यांची बोटं अडली तेव्हा दहावा हात अर्धाच झाला होता.

मला कळेना काय झालं. सदरसाबांनी सांगितलं. हनफी रीतीत हौद दहा हात लांब, दहा हात रुंद असावा लागतो. ओंजळ घातली तर तळ उघडा पडू नये एवढं पाणी असलं की पुरे, खोली जास्त नको. एवढा पसारा असला की ते मोठं पाणी. त्यात कितीही जणांनी हात घालून वजू केला तरी ते बिघडत नाही. त्याहून कमी असेल तर ते घागरीतलं पाणी. वजू नसलेला एक हात बुडाला, की त्या पाण्यानं पुन्हा वजू होत नाही.

"पण आमच्याकडे दोन मोठे रांजण भरेल एवढं पाणी असलं की ते मोठं पाणी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान वाटला. "हे तर त्याच्या कितीतरी पट..."

"तो तुमचा मसला. तुमच्या समुद्राकाठी."

मुसलमान गवंड्याला हे सांगावं लागतं, असं त्यांच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि हे विचारावं लागतं, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

आबा वैतागले. "अर्ध्या हाताचं काय घिऊन बसलात बे? पानी त्येच, हौद त्योच!"

चाचांनी त्यांना शांतपणे समजावलं. आबा ऐकून म्हणाले, "म्हंजी आमच्या आज्जीच्या सोवळ्याच्या हंड्यावानी. आमचा हात लागला की म्हातारी समदा ओतून द्यायची, अन् पुन्हा आडावर आमीच."

"तसंच समज."

"मंग लई वंगाळ झालं."

सदरसाबांचा चेहरा उतरला होता, हे मी खरं लिहितो. त्यांनाही ते नको होतं. ते म्हणाले, "भिंत पाडली तर पानी झाडाच्या मुळीत जानार. ठिवली तर एक हात पडला की संपलं. चाचा, टँकर दुसरीकडं लावा. लोकांच्या घरातली पिंपं तरी भरतील. हौदाचं नशीब इथवरच."

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. मी चाचांच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. उठले, पाइपाचं तोंड उचलून हौदात सोडलं आणि म्हणाले, "भर."

"चाचा!"

"घागर हाय तर घागरीवानी वापरू. कुनाचा हात पान्यात जानार न्हाई. मी बसतो काठाला. मी भांड्यानं काढून देतो, ज्यानं त्यानं बाजूला वजू करायचा."

"पाची वक्त? रोज्यात? ह्या कमरंनं?"

"अजान देयाला येतोच की."

सदरसाबांनी पाइपातून पडणारं पाणी बघितलं. मग म्हणाले, "ठीक. पर एक हात पडला, तर दुसऱ्या दिवशी मुरमाची ट्रॉली."

पाणी पडत होतं. दुधाचा बारीक वास येत होता. कुणीतरी विचारलं, हे चालतं का? चाचा म्हणाले, वासानं काय होतंय, पानी पानीच हाय. भिंतीतून एक थेंब बाहेर आला नाही. मी सारखा बाहेरून हात लावून बघत होतो. मला त्याचा आनंद झाला नाही.

चाचा बसले

रमजान लागला. दिवसभर उपाशी-तहानलेला म्हातारा पाण्याच्या काठाला बसलेला, असं मी रोज पाहिलं. प्रत्येक नमाजाला वाकून लोटा बुडवायचा, उचलायचा, समोरच्याच्या बधन्यात, म्हणजे तोटीच्या भांड्यात, ओतायचा. लोटा धरलेला हातही पाण्याला लागू द्यायचा नाही. पुन्हा वाकायचं. वर्षानुवर्षांची सवय, माणसं येत ती सरळ हात पुढे करत. चाचा पुढच्या पुढे मनगट धरत, "अहं." एकदा खुद्द सदरसाबांचाच हात गेला. चाचांनी तो वरच्या वर झेलला. "ट्रॉली सांगू का?" सदरसाब ओशाळले. सगळे हसले, चाचा सोडून. त्यांना उठताना कठड्याला धरावं लागत होतं.

मी म्हटलं, मी बसतो. ते म्हणाले, "तू दोन रांजनवाला. तुझा डोळा लागंल, तुला वाटंल चालतंय." चेष्टा होती, पण त्यांनी मला बसू दिलं नाही. फक्त दुपारच्या वेळी मी त्यांच्या पाठीवर ओलं फडकं ठेवायचो. त्यांच्या पाठीचे मणके मोजता येत होते.

मग एक दिवस असर आणि मगरिबच्या मध्ये ऊसतोडीची टोळी परत आली. ट्रक फाट्यावर सोडून गेला होता. तिथून बिऱ्हाडं डोक्यावर घेऊन चालत आलेली माणसं. डोण कोरडी बघून ती तिथंच उभी राहिली. चाचांनी दार उघडलं. सगळ्यांत पुढं एक बाई होती, कोयत्यानं हात फाटलेले, बोटांना चिंध्या. पाणी दिसताच ती हौदाकडे धावली आणि दोन्ही हात तिनं पुढे केले.

मी लांब होतो.

चाचांनी तिची मनगटं हवेतच धरली. बाई दचकली. तिला वाटलं, हाकलतायत. "चाचा, मी मुकिंदाची सून हाय, वळखलं न्हाई का?" चाचांनी तिचे हात तसेच ओंजळीसारखे जोडून हौदाबाहेर वळवले आणि त्यांवर लोटा ओतला. पहिला चिंध्यांवर, दुसरा तोंडावर, तिसरा प्यायला. म्हणाले, "वळखलं. म्हनून तर वाढतोय. बस." मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. सगळी टोळी होईपर्यंत ते वाकत राहिले. त्यांचे ओठ रोज्यानं फुटले होते, आणि लोटा प्रत्येक खेपेला काठोकाठ होता.

अजान त्या दिवशी त्यांनी बसूनच दिली.

ईदच्या आत घरी पोच, आई वाट बघत असेल, म्हणून चाचांनीच मला घालवलं. तिकिटाची सोय आबांनी केली. निघताना मी हौदाकडे बघितलं नाही.

आता घरी येऊन महिने झाले. इथं अंगणात विहीर आहे, पोहरा सोडला की आवाज येतो. मी तांब्या भरून घेतो आणि बाजूला बसून वजू करतो. आई विचारते, हे काय नवीन? मी सांगत नाही. फोन केला की चाचा म्हणतात, "हौद हाय. कंबर न्हाई." आणि हसतात, आणि हसताना थांबतात. पाऊस बेताचाच झाला. हौद अजून घागरच आहे. ते अजून बसतात.

चाचा, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, पण सदरसाब वाचून दाखवतील. सदरसाब, तुम्हीही ऐका. ज्या वर्षी तुमच्या आडाला चुना मुरवण्याएवढं पाणी येईल, त्या वर्षी मी येईन. मजुरी घेणार नाही. ती भिंत पाडीन, मुळी तोडीन, फुटकी बाजू नव्यानं बांधीन. दहा हात मी तुमच्याच हातानं मोजून घेईन, माझ्या फुटपट्टीनं नाही. वर अर्धा हात जास्त ठेवीन. आणि हौद भरला, की चाचा, तुम्ही पहिले. दोन्ही हात पाण्यात घाला, कोपरापर्यंत, आणि हवा तितका वेळ तसेच ठेवा.